बिट्टी (पिवळी कण्हेर)

बिट्टी हे सोनेरी पिवळ्या फुलांचे, सदाहरित मोठे झुडूप. महाराष्ट्रात ते बहुतेक ठिकाणी ‘पिवळी कण्हेर’ म्हणून ओळखले जाते, पण ही कण्हेर नव्हे. दोन्ही ॲपोसायनेसी कुळातल्या, एवढेच त्यांचे नाते. कण्हेर म्हणजे नेरियम ओलिअँडर. बिट्टीचे आजचे शास्त्रीय नाव कॅस्कॅबेला थेवेटिया. जुन्या पुस्तकांत ती थेवेटिया पेरुव्हियाना म्हणून सापडते. तिचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका, त्यामुळे या जुन्या नावातला पेरू देशाचा उल्लेखही दिशाभूल करणाराच.

ओळखताना फुलाच्या रंगावर विसंबू नये. बिट्टीत पांढरी आणि केशरट फुलेही येतात आणि कण्हेरीची फिकट पिवळी बागायती वाणे असतात. आधी पाने पाहावीत. कण्हेरीची पाने जाड, चामड्यासारखी, बहुधा तीन-तीनच्या मंडलात येतात. बिट्टीची पाने अरुंद, तकतकीत, फांदीवर एकाआड एक असतात. पान तोडले की दुधासारखा चीक भळभळतो. बिट्टीचे फूल नरसाळ्यासारखे, पाकळ्या एकमेकींवर पिळलेल्या. कण्हेरीचे फूल पसरट उघडते आणि त्याच्या घशाशी झालर असते. फळ दिसले, तर शंकाच उरत नाही: कण्हेरीला लांब जोडशेंगा येतात, त्यातून केसाळ बिया वाऱ्यावर उडतात, बिट्टीला कोनदार, मांसल हिरवे फळ धरते, ते पिकून काळे पडते आणि आत कठीण कोय असते. याच कोयींनी, म्हणजे बिट्ट्यांनी, गावोगावची मुले खेळत आली आहेत.

करवीर हे कण्हेरीचे संस्कृत नाव. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पांढरा आणि तांबडा असे दोनच करवीर सांगितले आहेत. अमेरिकेतून आलेल्या बिट्टीला ‘पीत करवीर’ म्हणत असले, तरी त्या ग्रंथातले करवीराचे गुण तिला चिकटवू नयेत.

‘ही कण्हेर नाही, म्हणजे विषारी नाही’ हा समज मात्र घातक आहे. बिट्टीचे सर्व भाग, विशेषतः कोयीतला गर, विषारी असतात. त्यातील थेवेटिनसारखी ग्लायकोसाइडे हृदयाची लय बिघडवतात. मुलाने बी चघळल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जाताना एक फांदी पिशवीत घालून न्यावी: घाईत ‘कण्हेर’ सांगितले जाते आणि झाड दुसरेच असते.