स्टेटस पेज वेगळ्या सर्व्हरवरच का बसवावे? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

स्टेटस पेज म्हणजे आपल्या सेवा सुरू आहेत की बंद, हे दाखवणारे पान. कोल्हापुरातील उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ज्या ग्राहकांनी ऑर्डरचे पोर्टल किंवा ईआरपी (साठा, खरेदी-विक्री, हिशेब सांभाळणारी प्रणाली) स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर ठेवले आहे, त्यांच्याकडून आम्हाला वारंवार एकच प्रश्न येतो: "सर्व्हर आहेच, मग स्टेटस पेज त्यावरच बसवा, दुसऱ्या सर्व्हरचे भाडे कशाला?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्याऐवजी एकदा लिहून देत आहोत.

स्टेटस पेजसाठी आम्ही अपटाइम कुमा हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतो. ते डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) सहज चालते, ३००१ या पोर्टवर उघडते आणि आपण काही बदलले नाही तर दर ६० सेकंदांनी प्रत्येक सेवा तपासते. त्याला परवाना शुल्क नाही. आम्ही आकारतो ते केवळ मांडणीचे आणि देखभालीचे.

मात्र कुमा आणि ईआरपी एकाच यंत्रावर असतील, तर वीज गेली किंवा डिस्क भरली की दोन्ही एकदमच गप्प होतात, टेलिग्रामवर सूचना येत नाही आणि सेवा बंद असल्याचे मालकाला गिऱ्हाइकाच्या फोनवरून कळते. त्याहून फसवा प्रकार इंटरनेटची लाइन तुटल्यावर घडतो: आतला कुमा आतल्याच ईआरपीला विचारतो, ते तत्परतेने उत्तर देते, आणि बाहेर कोणालाही काही उघडत नसताना नोंदीत सारे हिरवे राहते. मग नेमके केव्हापासून बंद होते हे शोधण्यात आमचा अर्धा दिवस जातो, आणि त्याचे बिल ग्राहकाला लहान सर्व्हरच्या भाड्याहून जड वाटते.

दुसरा सर्व्हर शेजारच्या टेबलावर ठेवूनही भागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरच्या अनेक भागांतील वीज बंद राहिली, हे सर्वांनी अनुभवले आहे. म्हणून आम्ही दुसऱ्या शहरातील डेटा सेंटरमध्येच लहान सर्व्हर घ्यायला सांगतो. आपल्या डोमेनचा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) मूळ सर्व्हरवरच चालत असेल, तर तोही बाहेर हलवावा लागतो, अन्यथा स्टेटस पेज सुरू असूनही त्याचा पत्ता सापडत नाही.

स्वतः बसवणाऱ्यांसाठी थोडे. पान उघडते पण पुढे नुसते फिरत राहते, अशी तक्रार आली की बहुधा एनजिनएक्समध्ये (बाहेरची विनंती कुमाकडे पोहोचवणारा वेब सर्व्हर) वेबसॉकेटसाठी, म्हणजे पान आणि कुमा यांच्यातील सतत उघड्या जोडणीसाठी, लागणारे अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर राहिलेले असतात. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू (लिनक्सची फायरवॉल) अडवत नाही, म्हणून ३००१ हा पोर्ट १२७.०.०.१ या, सर्व्हरच्या आतूनच पोहोचता येणाऱ्या, पत्त्यालाच बांधावा. सेवा बंद ठरवण्यापूर्वीच्या पुनःप्रयत्नांची संख्या दोन-तीन ठेवावी, म्हणजे क्षणभराच्या अडथळ्यासाठी मध्यरात्री उठावे लागत नाही.

एनजिनएक्सची आमची नमुना फाइल मागणाऱ्या कोणत्याही ग्राहकास विनामूल्य मिळेल. वार्षिक देखभाल करार असलेल्यांना दुसऱ्या सर्व्हरची मांडणी आणि अद्ययावतीकरण वेगळ्या शुल्काविना करून दिले जाते. भाडे तेवढे ग्राहकाचे. सध्या एकाच सर्व्हरवर पेज चालवणाऱ्यांना कुमामध्ये माहिती पुन्हा भरावी लागणार नाही: कुमाचे डेटा फोल्डर नव्या सर्व्हरवर नेले की जुन्या नोंदी तशाच राहतात. नकल करण्यापूर्वी कंटेनर थांबवावा, नाहीतर डेटाबेसची फाइल अर्धवट उतरण्याचा धोका असतो.