कुंडीतील कमळ : लागवड आणि निगा

आमच्या रोपवाटिकेतून आपण घेतलेला कमळाचा कंद ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आहे. घरी पोहोचताच तो सोडवून पसरट भांड्यातील पाण्यात ठेवावा आणि एक-दोन दिवसांत लावून टाकावा. कंदाच्या टोकाचा कोंब अतिशय ठिसूळ असतो आणि पुढची सारी वाढ त्यातूनच व्हायची असते. म्हणून कंद नेहमी मधोमध धरून उचलावा.

टब तळाला भोक नसलेला, किमान 18 इंच रुंद आणि 12 इंच खोल असावा. तो गोलच घ्यावा, कारण कंद मातीखाली कडेकडेने धावतो आणि चौकोनी टबाच्या कोपऱ्यात कोंब अडकून पडतो. सुमारे 60 लिटरचा टब माती-पाण्यासह 70 किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे आधी जागा ठरवावी आणि मगच टब भरावा. जागेची अट एकच आहे : दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन. ‘पाने भरपूर येतात, पण कळी धरत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांना आम्ही प्रथम टब कुठे ठेवला आहे हेच विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.

तळाशी चांगले कुजलेले शेणखत दोन मुठी पसरावे. त्यावर शेतातील काळी माती किंवा तळ्याचा गाळ चार ते पाच इंच भरून चिखल करावा. कोकोपीट आणि कुंड्यांसाठी मिळणारे तयार मिश्रण वापरू नये. ते पाण्यावर तरंगते आणि कुजून पाणी खराब करते. कंद चिखलात आडवा ठेवून कोंब उघडा राहील अशा बेताने माती ओढावी, आणि कंद वर येऊ नये म्हणून त्यावर एखादा गुळगुळीत दगड ठेवावा. सुरुवातीला मातीवर दोन-तीन इंचच पाणी असावे, कारण उथळ पाणी उन्हाने लवकर तापते आणि कोंब झपाट्याने वाढतो. पाने वाढतील तसे पाणी सहा इंचांपर्यंत न्यावे. नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग घालावे.

पहिली पाने रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी असतात आणि पाण्यावर तरंगतात. ती पाहून ‘आम्हाला वॉटर लिली दिली’ असा निरोप दर उन्हाळ्यात येतो. वॉटर लिलीच्या पानाला देठापर्यंत चीर असते, कमळाचे पान अखंड गोल असते. थेंब टाकून पाहिल्यास तो पाऱ्यासारखा घरंगळतो. पाण्याबाहेर ताठ उभी राहणारी पाने नंतर येतात.

अशी चार-पाच उभी पाने आल्याशिवाय खत देऊ नये. नंतर महिन्यातून एकदा अर्धा चमचा मिश्र खत कागदाच्या पुडीत बांधून कोंबापासून दूर, कडेच्या मातीत खोल दाबावे. पाण्यात विरघळलेले खत कमळाआधी शेवाळ खाते, आणि पाणी हिरवेगार होते.

डासांसाठी तीन-चार गप्पी मासे पुरतात. मासे असताना कीटकनाशक फवारू नये. पानांवर मावा पडल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. पिवळी पाने पाण्याच्या वर कापावीत. देठ आतून पोकळ असतो, आणि तो पाण्याखाली कापल्यास त्यातून पाणी शिरून कंद कुजू शकतो.

फूल सकाळी उमलते, दुपारपर्यंत मिटते आणि तीन-चार दिवसांत पाकळ्या गळतात. हा दोष नव्हे. थंडीत वाढ थांबली तरी टब कोरडा पडू देऊ नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये टब रिकामा केल्यास एका कंदाचे अनेक कंद झालेले दिसतील. दोन पेरे आणि शाबूत कोंब असलेला एक पुन्हा लावावा, बाकीचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यावेत. उरलेले कंद किंवा मासे ओढ्यात अथवा नदीत मात्र सोडू नयेत. जलपर्णीही आपल्याकडे परदेशातून शोभेची वनस्पती म्हणूनच आली होती, आणि आज मुळा, पवना, इंद्रायणी या नद्यांमध्ये ती उपसण्याचे काम दरवर्षी करावे लागते.