स्तोत्र ४२–४३ : खचलेल्या जिवाशी बोलणे

बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ही दोन स्तोत्रे मुळात एकच रचना असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ४३व्या स्तोत्राला स्वतंत्र मथळा नाही आणि एकच ध्रुवपद ४२:५ (म्हणजे ४२वे स्तोत्र, ५वे वचन), ४२:११ व ४३:५ असे तीनदा येते. त्यात कवी स्वतःच्या जिवालाच विचारतो, तू का खचलास, आतल्या आत का तळमळतोस? मग त्याला देवाची आशा धरायला सांगतो. निराशेच्या विचारांची पकड सैल करण्यासाठी हे स्तोत्र वाचले जाते ते या वळणामुळे. विचारात बुडालेला जीव आणि त्याला प्रश्न करणारा इथे क्षणभर वेगळे होतात. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती बिशप अथानासियस याने स्तोत्रांना वाचणाऱ्याच्या अंतःकरणाचा आरसा म्हटले, ते या स्तोत्राला तंतोतंत लागू पडते.

आधी दोन्ही स्तोत्रांची १६ वचने सलग, मोठ्याने वाचावीत. दुसऱ्या वाचनात प्रत्येक ठिकाणी कोण बोलते आहे त्याची खूण करावी. ‘तुझा देव कोठे आहे?’ हा टोमणा ४२:३ मध्ये इतरांच्या तोंडी आहे; ४२:९ मध्ये कवी स्वतःच देवाला ‘तू मला का विसरलास?’ असे विचारतो. बाहेरचे बोल आत कसे मुरतात, हे इतक्या थोड्या ओळींत क्वचितच पाहायला मिळते. इथे थांबून आपल्या मनात घोळणारे वाक्य जसेच्या तसे कागदावर उतरवावे आणि ते पहिल्यांदा कोणाकडून ऐकले ते आठवावे. मग ‘जिवा’च्या जागी स्वतःचे नाव घालून ध्रुवपद म्हणावे आणि उत्तराची घाई न करता चार-पाच श्वास गप्प बसावे.

नेहमीची चूक म्हणजे फक्त ध्रुवपद उचलून ते जपासारखे घोकणे. तक्रार गाळली की प्रश्नाचा दटावणीचा सूर होतो आणि ‘मी अजून का सावरलो नाही’ हा नवाच सल लागतो. कवी तसे करत नाही. पहिल्या ध्रुवपदानंतर लगेच ४२:६ मध्ये जीव पुन्हा खचलेलाच आहे, आणि ४२:९ मधले गाऱ्हाणे ४३:२ मध्ये जवळजवळ त्याच शब्दांत परतते. विचार परत आला म्हणजे वाचन फसले असे नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी किंवा झोप उडणे असेल, किंवा कधीही जीव नकोसा झाला, तर मात्र वाचनाबरोबर डॉक्टरही हवा. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

दुसरी चूक ४२व्या स्तोत्रापाशीच थांबण्याची. प्रकाश व सत्य पाठव, ते मला वाट दाखवोत, ही मागणी ४३:३ मध्ये येते. पुढच्या वचनात वेदी आणि वीणा आहे. त्यानंतरही शेवटी तोच प्रश्न, ४२:११ मधल्याच शब्दांत.