मोकळी जागा आणि सार्वजनिक ठिकाण : धूम्रपानबंदी नेमकी कुठे लागू होते?

उघड्यावर सिगारेट किंवा विडी ओढायला कायद्याची हरकत नाही, बंदी फक्त छपराखाली आहे, हा समज इतका रुळला आहे की बसथांब्यावर कोणी हटकलेच, तर ओढणाराच त्याला कायदा ऐकवतो. या समजाला थोडा आधार आहे. तंबाखूजन्य उत्पादनांविषयीच्या २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या (कोटपा) कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. मात्र सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येत रुग्णालये, न्यायालये, ग्रंथालये, शिक्षणसंस्था, सार्वजनिक वाहने यांची नावे घेतल्यावर मोकळी जागा त्यातून वगळली. बहुतेकांची माहिती येथेच थांबते.

२ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ही सवलत बरीच आवळली. खुले प्रेक्षागृह, क्रीडांगण, रेल्वेस्थानक, बसथांबा यांसारखी लोकांची ये-जा असलेली ठिकाणे आभाळाखाली असली तरी ती ‘मोकळी जागा’ धरली जाणार नाहीत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. उपाहारगृहाच्या व्याख्येत तर त्याभोवतीची मोकळी जागाही धरली आहे. त्यामुळे अंगणात टेबले मांडून ‘इथे ओढलेले चालते’ असे सांगणारा व्यवस्थापक ग्राहकाची दिशाभूल करत असतो. जागेवर छप्पर आहे का, एवढे पाहून भागत नाही. तिथे लोक कशासाठी जमतात, हे आधी पाहावे लागते. रांगेत उभ्या असलेल्या गरोदर बाईला किंवा दम्याच्या रुग्णाला धूर आला म्हणून जागा सोडून जाता येत नाही, आणि म्हणूनच मला हा बदल अत्यंत योग्य वाटतो.

याउलट, सार्वजनिक ठिकाणी कायद्याने जी मुभा ठेवली आहे ती चक्क बंद खोलीची आहे. ३० किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, ३० किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांनाच स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवता येतो. तो ठेवलाच पाहिजे असे बंधन नाही. कक्षाला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती आणि आपोआप मिटणारे दार हवे, आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा आणि धूर इमारतीत परत न फिरता थेट बाहेर जायला हवा. प्रवेशद्वारापाशी असा कक्ष करता येत नाही. कार्यालयांना ही मुभा मुळीच नाही. कामाची जागा सार्वजनिक ठिकाणातच मोडते, आणि जिन्याचा कोपरा किंवा वाहनतळ ‘ओढणाऱ्यांसाठी’ सोडून देण्याची अनेक ठिकाणची पद्धत नियमात बसत नाही.

ओढणाऱ्याला होणारा दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, आणि तो फारच तोकडा आहे. जागेच्या प्रमुखावरची जबाबदारी मात्र मोठी आहे : प्रवेशद्वारी ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावणे, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव ठळकपणे देणे आणि बंदीच्या जागी राखदाणी किंवा काडेपेटी न पुरवणे. तक्रार येऊनही त्याने काही केले नाही, तर जितके गुन्हे घडले त्या प्रमाणात त्यालाही दंड होतो.

मग खरी मोकळी जागा कोणती उरते? साधा रस्ता, माळरान, अशी जागा. शाळेपासून १०० यार्डांची जी मर्यादा सांगितली जाते ती तंबाखू विकण्यावर आहे, ओढण्यावर नाही. शाळेच्या आवारातील धूम्रपानबंदी येते ती कलम ४ मुळे.