काटा मारणारा रेंजफाइंडर आणि तोकडा रेंजफाइंडर

‘नव्वदची (९० मिमी) लेन्स घेतली, डोळ्यावर फोकस केला आणि शार्प आलं कानशील. बॉडी कॅलिब्रेशनला टाकू का?’ फिल्मवाल्या मित्रांमध्ये दर दोन महिन्यांनी कुणीतरी हे विचारतंच. आजूबाजूचे चौघे लगेच ‘टाक’ म्हणतात. किती फ्रेम काढल्या होत्या, हे मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा उत्तर असतं, एक.

लक्षण एक, पण आजार दोन, आणि दोघांची औषधं वेगळी. पहिला आजार सगळ्यांना ठाऊक आहे: रेंजफाइंडरची, म्हणजे दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून अंतर मोजणाऱ्या फोकसच्या यंत्रणेची, जुळणी हलली आहे. लेन्सच्या मागचा कॅम बॉडीतल्या रोलरला ढकलतो, रोलरची दांडी आतलं भिंग किंवा आरसा फिरवते, दोन प्रतिमा एकावर एक येतात. या साखळीत कुठेतरी फट पडली की कॅमेरा अंतर चुकीचं सांगतो. यावर याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या आजाराचं नाव मात्र कुणी घेत नाही. जुळणी अगदी बरोबर असते, पण तो रेंजफाइंडर त्या लेन्सला पुरेसाच नसतो.

किराणावाल्याचा एखादा तराजू काटा मारतो. दर वेळी पन्नास ग्रॅम कमी, कितीदाही तोला. हा पहिला आजार. चूक ठरलेली आहे, म्हणून दुरुस्तही करता येते. आता ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर तोळाभर सोनं ठेवा. काटा प्रमाणित आहे, मालक प्रामाणिक आहे, पण तोळा त्याला दिसतच नाही. त्या काट्याला कितीही तेल घाला, तो सोनाराचा काटा होणार नाही.

रेंजफाइंडरमध्ये हे ‘दिसणं’ दोन गोष्टींवर ठरतं: दोन खिडक्यांमधलं अंतर आणि व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन. दोघांचा गुणाकार म्हणजे परिणामी बेस. लायका एम३मध्ये (१९५४) खिडक्यांमधलं अंतर ६८.५ मिमी आणि मॅग्निफिकेशन ०.९१, म्हणजे बेस सुमारे ६२ मिमी. एम६च्या नेहमीच्या ०.७२ फाइंडरचा सुमारे ५०, ०.५८वाल्याचा ४०. फोइग्टलेंडरच्या बेसा आर२चा जेमतेम २६. आणि १९७३ची इवलीशी लायका सीएल? अंतर ३१.५, मॅग्निफिकेशन ०.६०, बेस १९ मिमीसुद्धा नाही.

लेन्सची भूक किती, हेही काढता येतं. पॅच (फाइंडरच्या मधला तो चौकोन, जिथे दोन प्रतिमा दिसतात) जुळवताना डोळा एका कलेने चुकतो असं धरू. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, पंचांगातली तीच. चांगला डोळा याहून बरं करतो, पण संध्याकाळच्या उजेडात कोण छाती ठोकून सांगणार? फिल्मवर चालणारा धूसरपणा जुन्या हिशोबाने ०.०३ मिमी. मग लागणारा बेस फोकल लेंग्थच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि एफ-क्रमांकाप्रमाणे घटतो (एफपुढचा आकडा लहान, तितकं लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे तोंड, मोठं). ५० मिमी एफ/१ला सुमारे २४ मिमी पुरतो. ९० एफ/२.८ला २८, ९० एफ/२ला ३९, ७५ एफ/१.४लाही ३९. १३५ एफ/४ला ४४ आणि १३५ एफ/२.८ला तब्बल ६३.

हे आकडे बॉडीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. सीएलसाठी लायकाने जी नव्वदची लेन्स दिली ती एफ/४ची. तिची गरज निघते १९.६ मिमी, म्हणजे त्या बॉडीच्या अगदी काठावर. पूर्ण आकाराच्या लायका एम बॉडींसाठी १३५ एफ/२.८ काढली तेव्हा लेन्सलाच चष्मा लावला. तो फाइंडरमधलं चित्र दीडपट मोठं करतो, आणि ०.७२च्या बॉडीचा बेस ५०वरून ७५वर जातो. ती लेन्स बेढब दिसते, पिशवीत मावत नाही, तिच्यावर विनोद होतात. मला मात्र तो चष्मा रेंजफाइंडरच्या जगातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. आपले लोक सीएलवर नव्वद एफ/२ चढवतात आणि मग मेकॅनिकच्या नावाने खडे फोडतात.

‘जवळून काढलं म्हणून चुकलं, जरा लांबून काढ’ या सल्ल्याने तर माझं डोकं फिरतं. डोळ्याच्या चुकीमुळे पडणारा फरक अंतराच्या वर्गाने वाढतो, आणि डेप्थ ऑफ फील्डही, म्हणजे जितक्या खोलीतलं शार्प दिसतं तीही, साधारण तशीच वाढते. दोघं हातात हात घालून चालतात, त्यामुळे तोकडा रेंजफाइंडर तीन मीटरवर जितका तोकडा, तितकाच एका मीटरवर. लांब गेल्याचा फायदा एकच: समोरचा माणूस किंवा तुम्ही स्वतः सेंटिमीटरभर झुललात तर जवळ ते नडतं, लांबून खपून जातं.

कोणता आजार आहे ते ओळखायला एक तास आणि एक लांब पट्टी पुरते. कॅमेरा ट्रायपॉडवर, पट्टी ४५ अंशांत तिरपी, मधल्या आकड्यावर एक ठळक उभी रेघ, अॅपर्चर पूर्ण उघडं. दहा फ्रेम काढा. प्रत्येक फ्रेमआधी फोकस मोडा, पाच वेळा अनंताकडून या, पाच वेळा जवळून. दहाही फ्रेम एकाच चुकीच्या आकड्यावर बसल्या तर काटा मारतोय, मेकॅनिककडे जा. रेघेच्या अलीकडे-पलीकडे कशाही विखुरल्या तर रेंजफाइंडर तोकडा आहे, बॉडीला हातसुद्धा लावू देऊ नका. अनंताकडून येताना एका बाजूला आणि जवळून येताना दुसऱ्या बाजूला असे दोन गट पडले तर लेन्सच्या हेलिकॉइडमध्ये (काच पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांमध्ये) किंवा रोलरच्या साखळीत ढिलाई असू शकते. पट्टीवर मोजलेलं अंतर १.४ने भागायला विसरू नका, ती तिरपी आहे.

समजा, काटाच मारतोय. मग पुढचा घोळ: ‘माझी पन्नास एकदम शार्प आहे, म्हणजे बॉडी ठीक, नव्वद खराब.’ नाही हो. एमच्या साखळीत रोलरला लागतो तो ५१.६ मिमी लेन्सचा हिशोब. नव्वदची काच त्याच अंतरासाठी तिप्पट सरकते, आणि कॅम ती हालचाल तिसऱ्या हिश्शावर आणून रोलरला सांगतो. म्हणजे रोलरकडची चूक फिल्मवर तिप्पट होऊन उतरते. रोलर ०.०२ मिमीने चुकला, केसाच्या जाडीहूनही कमी, तर एका मीटरवर फोकस सुमारे साडेसात मिमीने हलतो. नव्वद एफ/२ची तिथली सगळी डेप्थ दीड सेंमी, म्हणजे एका बाजूला तेवढीच साडेसात. बुबुळ गेलंच. पन्नास एफ/२लाही फोकस तितकाच हललेला असतो, पण तिची डेप्थ साडेचार सेंमीच्या वर, म्हणून ती चूक पोटात घालते.

तेव्हा पन्नासचा फोटो ‘शार्प आहे का’ हे बघू नका. शार्प पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मोजून त्याचा मध्य काढा. दोन्ही लेन्सचा मध्य एकाच दिशेने आणि साधारण तेवढाच सरकला असेल तर दोष बॉडीचा. पन्नासचा मध्य रेघेवर आणि नव्वदचा बाहेर असेल तर नव्वदचा.

हे न करता बॉडी लेन्सला जुळवून घेणं हा गुन्हा आहे, आणि मी तो करून बसलोय. माझ्याकडे एक ज्युपिटर-९ होती, ८५ एफ/२, रशियन. या लेन्सपैकी अनेकींचं लायकाच्या बॉडीशी पटत नाही. एका मेकॅनिकने उत्साहाने रोलर फिरवून ती सरळ करून दिली. मी खूश. महिन्याभराने पस्तीस सोडून सगळ्या लेन्स बिघडल्या होत्या. ज्युपिटर विकून टाकली आणि बॉडी पुन्हा दुरुस्तीला.

काटा मारल्याचं सोंग घेणारे दोन तोतये राहिले. मध्यभागी डोळ्यावर फोकस करून मग कॅमेरा खाली वळवलात, तर फोकसचं प्रतल डोळ्यामागे जातं. नव्वदवर डोळा मध्यापासून फिल्मवर १२ मिमी वर गेला तर एका मीटरवर सुमारे नऊ मिमी, आणि कायम मागेच. त्यामुळे हा हुबेहूब काटा मारल्यासारखा दिसतो; पट्टीच्या चाचणीत कॅमेरा वळवायचा नसतो, म्हणून तिथे तो दिसत नाही आणि पकडला जातो. दुसरा, काही लेन्सचा फोकस अॅपर्चर बदलल्यावर सरकतो. तो लेन्सचा स्वभाव आहे.

पॅचमधली प्रतिमा किंचित वर-खाली दिसणं याने डोळ्याला त्रास होतो, अंतर फारसं चुकत नाही. त्यासाठी कॅमेरा उघडायची घाई नको.

तोकडेपणावर माझा उपाय १.२५ पटीचा मॅग्निफायर, फाइंडरच्या डोळ्याकडे लावायचं भिंग. ०.७२ची एम६ त्याने एम३च्या बरोबरीला येते. तो नसेल तर नव्वद एफ/२ची एफ/२.८ला बंद करा, भूक २८वर येते. डिजिटल एममध्ये लाइव्ह व्ह्यू (लेन्समधलं चित्र थेट पडद्यावर) असेल तर वाद मिटला. डिजिटल फोटो शंभर टक्के मोठं करून बघायची खोड असेल, तर मात्र वरचे भुकेचे आकडे दुप्पट धरा.