बडोद्याच्या गच्चीवर ऊन की वारा?

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सकाळी सगळे बडोदे गच्चीवर असते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आज वारा आहे ना? दांडिया बाजार असो की कारेलीबाग, पतंग घरांच्या उंचीच्या आत असेपर्यंत नुसता गोते खातो, ठुमके देऊन हात भरून येतात. आजूबाजूच्या इमारतींच्या वर गेला की दोर आपोआप ताठ होतो. घरावर सोलर बसवावे की छोटी पवनचक्की, या हल्ली वारंवार कानावर येणाऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या पतंगातच आहे.

वाऱ्यातून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट, निम्मा झाला तर एक अष्टमांश. 'एक किलोवॉट' म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या पवनचक्कीचा तो आकडा साधारण ११-१२ मीटर प्रति सेकंद वेगाचा असतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. दोन मीटर व्यासाचे चक्र अशा वाऱ्यात ९०० वॉटपर्यंत देईल. तेच चक्र ताशी ११ किलोमीटरच्या झुळुकीत फिरलेच, तर जेमतेम १५ वॉट देईल. एक-दोन एलईडी दिवे लागतील, पंखासुद्धा नाही. पाती सुधारूनही फार फरक पडत नाही. वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्केच ऊर्जा काढून घेता येते, हे जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले. सगळी ऊर्जा काढली तर हवा पात्यांमागेच थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला जागा उरणार नाही.

त्यात शहरातला वारा सरळ वाहत नाही. पाण्याच्या टाक्या, जिन्यांच्या खोल्या, शेजारच्या इमारती यांना आपटून तो भोवऱ्यांत फुटतो. म्हणून पवनचक्की दीडशे मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा निदान १० मीटर वर हवी, असा ढोबळ नियम आहे. चारमजली सोसायटीच्या शेजारी बंगला असेल तर खांब किती उंच होईल, ते पाहा. शिवाय तो खांब स्लॅबवर उभा केला की चक्राची थरथर घरभर उतरते.

वाऱ्याची जागा समुद्रकाठी आणि उंचावर. १९८६ साली देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले तेही ओखा, रत्नागिरी, तुतिकोरिन अशा किनाऱ्यांवरच. किनाऱ्यालगत मोकळे शेत असेल आणि विजेची लाइन पोहोचलेली नसेल, तर छोटी पवनचक्की जरूर विचारात घ्यावी. बडोद्यातल्या घरासाठी मात्र मी सोलरच सुचवेन.

एक किलोवॉटच्या पॅनलना साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. मध्यम कुटुंबाला तीन किलोवॉट बहुधा पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

मे महिन्यात सर्वांत जास्त वीज मिळेल, असा समज आहे. पण पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता त्याला बाधते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात पॅनल ६० अंशांच्याही वर तापते. म्हणून पॅनलखालून हवा खेळती हवी. बडोद्याजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर १० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की मून यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिथे खालचे पाणी पॅनलना थंड ठेवते आणि पॅनलच्या सावलीमुळे पाण्याची वाफही कमी होते. एका मांडणीतून दोन फायदे. मला तो प्रकल्प फार आवडतो.

सावलीची परीक्षा हिवाळ्यात करावी. जूनमध्ये बडोद्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर असतो आणि सावली जवळजवळ पडतच नाही. डिसेंबरअखेरीस तो दुपारीही जेमतेम ४४ अंशांवर चढतो, आणि तीन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला तीन मीटरपर्यंत पसरते. सकाळ-संध्याकाळ ती आणखी लांब जाते. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली तरी पॅनलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. उत्तरायणाला दिवसभर गच्चीवर असतोच, तेव्हा सावली कुठून कुठे सरकते ते खडूने आखून ठेवावे. कंत्राटदाराच्या अंदाजापेक्षा त्या रेघा जास्त भरवशाच्या.

रात्रीचे काय? बॅटरी नसेल तर वीज लाइनमधून येते आणि दिवसा आपण लाइनला दिलेली जास्तीची वीज नेट मीटरमधून, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमधून, वळती होते. कच्छ-सौराष्ट्रातल्या मोठ्या पवनचक्क्या रात्रीही फिरतात, पावसाळ्यात ऊन झाकले जाते तेव्हा वारा जोरात असतो. त्यांची वीज याच जाळ्यात येते. एक अडचण मात्र आधीच माहीत असावी. लाइन गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करून लाइनला जोडणारे यंत्र) बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तशी सोय मुद्दाम केलेली असते.

गच्चीवर पापड-कुरडया वाळवायला जागा राहावी म्हणून पुष्कळ घरांत पॅनल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर चढवतात. मग वारा खालून शिरून ती वर उचलू पाहतो. भारतीय मानकांनुसार बडोद्यातली बांधकामे सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वारा धरून आखायची असतात. त्या वेगाला दर चौरस मीटरवर १०० किलोहून जास्त भार येतो, आणि सहा पॅनलचे क्षेत्रफळ पंधराएक चौरस मीटर भरते. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा घ्यावा, त्याचे पाय काँक्रीटमध्ये नीट बसवून घ्यावेत आणि दरवर्षी पावसाळ्याआधी सगळे नट-बोल्ट आवळून घ्यावेत.