वसईतली वाडी, बावखल आणि बिल्डर

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, नंदाखाल, आगाशी, निर्मळ, भुईगाव या बाजूला गेलं की आजही केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाड्या लागतात. हा हिरवा पट्टा इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने राखलेला आहे. किनाऱ्याजवळची रेताड जमीन, थोड्या खोलीवर गोडं पाणी आणि पलीकडे लगेच खारा समुद्र. गोडं पाणी हावरेपणाने उपसलं की खारं पाणी आत शिरणार, हे वाडवळ आणि सामवेदी या इथल्या समाजांतल्या शेतकऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून विहिरींच्या जोडीला बावखलं आली. पावसाळ्यात भरणारी, वाडीला पाणी देणारी आणि जमिनीतलं पाणी टिकवणारी ही तळी. पुढे इंजिनाचे पंप येईपर्यंत विहिरीवर राहाट फिरत असे.

१८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली आणि वसईचा माल रोजच्या रोज शहरात जाऊ लागला. केळी, भाजी, विड्याची पानं, मोगरा आणि सोनचाफा. पुढे बिल्डरला वसईत आणणाऱ्या रेल्वेने आधी वाडी पोसली होती, हे विसरता येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस चित्र पालटलं. मुंबईत घर घेणं नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. वसई-विरारमधली मोठी जमीन बांधकामाला खुली झाली आणि १९९० मध्ये नियोजनाचं काम सिडको या सरकारी नियोजन महामंडळाकडे गेलं. स्टेशनांजवळच्या भातशेतीवर आणि खाजणावर, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीवर, भराव पडू लागले. या नव्या इमारतींना नळाचं पाणी पुरेसं नव्हतं. मग टँकर पश्चिमेकडच्या विहिरींवर येऊन उभे राहिले, रात्रंदिवस उपसा झाला आणि विहिरींचं पाणी मचूळ होऊ लागलं. माझ्या मते वसईचा संघर्ष खऱ्या अर्थाने पेटला तो या टँकरपाशी. इमारत दूर होती, पण तिची तहान थेट वाडीत पोचली. हरित वसई संरक्षण समितीची चळवळ याच काळातली. 'सुवार्ता' मासिकाचे तेव्हाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचा चेहरा बनले. जमिनींपायी चाललेल्या दहशतीच्या त्या दिवसांत ख्रिस्ती आणि हिंदू गावकरी एकत्र रस्त्यावर आले, याचं मोल मला आजही फार वाटतं.

तरीही जमीन विकणाऱ्याला गावाचा वैरी ठरवणं मला कधी पटलं नाही. वाटण्या होत होत वाडी काही गुंठ्यांवर आलेली. पहाटे टोपल्या घेऊन लोकल गाठणाऱ्या आईला आपल्या मुलीने तेच करावं असं वाटत नाही. मजूर मिळत नाहीत. मग कुणी चाळ बांधून भाडं घेतो, कुणी वाडीत लग्नाचा हॉल काढतो, किनाऱ्याकडे कळंब-राजोडीत रिसॉर्टं उभी राहतात. त्यातून घर चालतं. शेजारची विहीर मात्र जमिनीतल्या त्याच पाण्यावर असते. एकाच घरात बापाला जमीन हवी असते आणि मुलाला ब्लॉक, आणि दोघांचंही खरं असतं. नालासोपाऱ्यात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची किल्ली हाती आलेल्या कुटुंबालाही उपरं म्हणून झटकून टाकता येत नाही.

२००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांनी कडाडून विरोध केला. कराची धास्ती होतीच, पण आपल्या वाडीचा निर्णय आता गावाबाहेर होणार, हे दुखणं मोठं होतं. २९ गावं वगळण्याचा वाद पुढे वर्षानुवर्षं कोर्टात राहिला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा कित्येक दिवस पाण्यात होतं, गाड्या बंद पडल्या. त्या पुरानंतर बुजवलेली बावखलं आणि भराव घातलेली खाजणं यांच्याविषयी ज्यांनी जमिनी विकल्या होत्या तेही बोलू लागले.